नंबर पडलेली गावं

वर्षातले आठ महिने मी गावी असतो आणि चार महिने खडकीत, थोरल्या भावाच्या घरी. गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. मधे शंभरावर किलोमीटर आहेत, पण पाणी एकच आहे. मुळा दापोडीजवळ पवनेला घेऊन खडकीकडं येते, होळकर पुलाखालून पुढं सरते, संगमावर तिला मुठा मिळते. मग बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत पडते. भीमा दौंडला येते, आणि दौंड मागं टाकलं की पुढं तिचं वाहणं हळूहळू थांबतं. तिथून उजनीचा फुगवटा लागतो.

पावसाळ्यात गावाकडून मला फोन येतो तो तब्येत विचारायला नसतो. "नाना, बंडगार्डनला किती सोडलंय?" हा पहिला प्रश्न. मग दौंडचा आकडा किती, तो वाढतोय का उतरतोय. आमच्याकडं शाळेतल्या पोरालासुद्धा क्युसेक म्हणजे काय ते कळतं. पुण्याच्या माणसाला नदी वाढली की पूल बंद होण्याची काळजी लागते, आणि आम्हाला त्याच वेळी हायसं वाटतं. एकाच नदीच्या दोन टोकांना असं होतं.

मी शिकलो दहावीपर्यंत. १९७६ साली दहावी झालो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमचं गाव उठलं. त्यामुळं नदीही पाहिली आणि धरणही पाहिलं, अशा माणसांपैकी मी आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी धाकट्याला विचारा, त्याला नदी आठवत नाही. त्याच्यासाठी पहिल्यापासून धरणच आहे.

आमचा मुलूख कोरडा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि आमच्यापर्यंत नुसता वारा येतो. वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस पडला तर बरं म्हणायचं, तोही एका महिन्यात धो-धो आणि बाकी ऊन. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नदी एवढी मोठी, पण काठावरची जमीन तहानलेलीच. कारण भीमेचं पात्र खोल, दरडी उंच. पाणी खाली आणि रान वर. मोटेनं किती उपसणार? म्हणून नदीकाठच्या काळ्या रानात पेर व्हायची ती रब्बीची. परतीच्या पावसावर शाळू, त्यात करडईच्या ओळी, कुठं हरभरा. माळाला बाजरी, हुलगा, मटकी आणि मेंढरं. गवत थोडं पण कसदार. याच थडीची तट्टं मराठ्यांच्या फौजेत होती. अंगानं लहान, खाण्याला कमी, चालायला चिवट. माणसंही तशीच असावी लागत.

उन्हाळ्यात नदी म्हणजे अर्धा मैल वाळू. तिच्यात आम्ही पोरं दिवसभर. बाया सकाळी वाळूत हातानं झिरा उकरायच्या, वाटीवाटीनं हंडा भरायचा. ते पाणी इतकं नितळ की हंड्याचा तळ दिसे. वाळूत टरबुजाची आणि खरबुजाची आळी करून भोई लोक वेल लावत. डोहात मरळ, वांब सापडे. सासुरवाडी, सोयरीक, बाजार, सगळं दोन्ही काठांचं मिळून एकच. पलीकडं करमाळा तालुका, अलीकडं इंदापूर, हे फक्त कचेरीच्या कागदावर. माझी आजी पलीकडच्या गावची. पाटी डोक्यावर घेऊन वाळू तुडवत ती माहेरी जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची.

पूरही यायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्यात हाहाकार झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते पाणी पुण्यात संपलं नव्हतं. ते आमच्या दारावरूनच पुढं गेलं. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण घरातल्या थोरांकडून ते वर्ष इतक्यांदा ऐकलंय की मी पाहिलंच असं वाटतं.

नदी अडवण्याची गोष्ट मात्र उजनीपासून सुरू होत नाही. पुण्याला आणि लष्कराच्या छावणीला पाणी हवं म्हणून, आणि शेतीलाही द्यावं म्हणून, इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासल्याला मुठा अडवली. तिच्या कालव्यानं पुण्याच्या पूर्वेचं माळरान पहिल्यांदा भिजलं. मुळशीला टाटा कंपनीनं विजेसाठी मुळा अडवायला घेतली तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालंच. तिथलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला जातं. म्हणजे खडकीला जी मुळा येते, तिच्या उगमाकडचं बरंच पाणी उलट्या दिशेनं समुद्राकडं गेलेलं असतं. तिकडं वेळवंडी नदीवर भाटघर झालं, नीरेचे कालवे आले, आणि इंदापूर-माळशिरसच्या दक्षिण अंगाला इंग्रजांच्या काळातच ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. वालचंदनगर, माळीनगर ही त्याचीच गावं. आमचा भीमेकाठ तेवढा कोरडा राहिला. नीरेच्या पाण्यावर पिकलेला ऊस आमच्या आबांनी पाहिला होता. म्हणून धरणाची पहिली बातमी आली तेव्हा गावात रडारड झाली नाही. लोक म्हणाले, आता आपलंही सोनं होईल. सोनं कुणाचं व्हायचं आणि पाण्याखाली कोण जायचं, हे नकाशात होतं. नकाशा गावात कुणी दाखवला नव्हता.

उजनीचं भूमिपूजन १९६६ ला झालं, काम १९६९ च्या सुमाराला धरलं आणि १९८० ला धरण पुरं झालं. मधे १९७२ चा दुष्काळ पडला. सुकडी आणि लाल मिलो खाऊन, खडी फोडून माणसं जगली. त्या वर्षानंतर धरणाला नाही म्हणण्याची ताकद कुणात उरली नाही. अडीच किलोमीटर लांबीची भिंत, एक्केचाळीस दरवाजे आणि ११७ टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात.

या आकड्यात एक मेख आहे, ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. ११७ मधलं जवळजवळ ५४ टीएमसी पाणी उपयुक्त आणि ६३ टीएमसीच्या वर मृत. मृत म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं. ते कालव्यात चढत नाही. धरण पूर्ण भरलं तेव्हाची पातळी आणि मृतसाठ्याची पातळी यांत फरक फक्त सहा मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे एकोणीस फूट. एकोणीस फुटांत ५४ टीएमसी मावतं, कारण आमचा मुलूख सपाट. कोयनेसारखी दोन डोंगरांमधली खोल दरी इथं नाही. पाणी वर चढण्याऐवजी आडवं पसरलं. भरल्या धरणाचा पसारा तीनशे चौरस किलोमीटरच्या वर जातो. उथळ पाणी आणि वर सोलापुरी ऊन, त्यामुळं वाफ होऊन जाणारंही पुष्कळ. आणि आडवं पसरलं म्हणूनच इतकी गावं बुडाली.

गाव उठणं एका दिवसात होत नाही. आधी मोजणीची माणसं आली, घरांवर रंगानं आकडे पडले. मग नुकसानभरपाईचे कागद. आमच्या आबांना ज्या दिवशी पैसे मिळाले त्या दिवशी घरात गोड केलं होतं, कारण एवढ्या नोटा एकदम कुणी पाहिल्या नव्हत्या. पण जमीन एकीकडून गेली आणि दुसरीकडं घ्यायला गेलं तर भाव दुप्पट. धरणामुळं उठणाऱ्या माणसांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ सालचा. भूमिपूजन त्याच्या दहा वर्षं आधीचं. माणसं हलवायची कशी हे ठरण्याआधीच भिंत अर्धी वर आलेली. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळायची होती. आमच्या घराला ती मिळायला किती हेलपाटे पडले ते इथं सांगत बसत नाही. आबांच्या हयातीत ती हातात आली नाही, एवढंच सांगतो.

लोकांनी घरांची दारं, तुळया, वासे काढून गाड्यांत घातले. जातं, उखळ नेलं. देव नेले. मारुतीची मूर्ती हलवताना म्हातारी माणसं मागं वळून बघत नव्हती. ज्याला जिथं जमेल तिथं तो गेला. कुणी कडेच्या आपल्याच उरलेल्या माळावर वस्ती केली, कुणी सरकारनं आखलेल्या गावठाणात, कुणी मावळतीला तर कुणी पार दुसऱ्या तालुक्यात. माझा थोरला भाऊ तेव्हाच खडकीला आला. ओळखीच्या एकानं दारूगोळा कारखान्यात चिकटवून दिलं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गावाकडची पाच-सहा पोरं झोपायची. धरणानं उठवलेली माणसं नव्या गावठाणातच गेली असं धरू नका. पुणे, पिंपरी, खडकी, हडपसर इथंही ती गेली. त्यांची गणती कुणी केली नाही.

आणि गावांना नंबर पडले. पूर्वी एक गाव होतं, त्याचे तुकडे दोन-चार ठिकाणी बसले आणि प्रत्येकाला वेगळं नाव कुठून आणायचं, म्हणून आकडा लावला. कालठण नंबर एक, कालठण नंबर दोन. डाळज नंबर एक, दोन, तीन. करमाळ्याकडं केत्तूर नंबर एक आणि दोन, चिखलठाण एक आणि दोन, वांगीचे तर चार नंबर. एसटीच्या पाट्यांवर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर आजही तेच असतं. परक्याला मौज वाटते. पण एका वेशीतून येणारी, एका पाराखाली बसणारी, एका पोळ्याला बैल मिरवणारी माणसं आता नंबर एकची आणि नंबर दोनची झाली. सुतार एका नंबरात गेला, लोहार दुसऱ्यात, आणि बलुतं त्या दिवशीच संपलं. सुरुवातीची काही वर्षं यात्रा एकत्र झाली. पुढं ज्याचा त्याचा देव, ज्याची त्याची यात्रा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लिहिणं खोटं होईल. धरण झालं ते सोलापूरच्या खालच्या भागासाठी. डावा आणि उजवा कालवा, सीनेला जोडणारा बोगदा, पंढरपूरला वारीसाठी चंद्रभागेत सोडायचं पाणी, सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी, हे सगळं भिंतीच्या खाली. आम्ही भिंतीच्या वर. तरीही पाणी आमच्या बांधाला येऊन टेकलं. ज्यांची थोडीफार जमीन बुडायची राहिली त्यांनी कर्ज काढलं, मोटर बसवली, पाइप टाकला. ज्या माळावर हुलगा उगवत नव्हता तिथं ऊस उभा राहिला. मग कारखाने, ट्रॅक्टर, पक्की घरं. करमाळ्याकडच्या कंदर-वांगी भागातली केळी आता परदेशी जातात. भिगवणला मासळीचा बाजार भरतो, तिथली चिलापी खायला पुण्याची माणसं गाड्या करून येतात. मरळ-वांब मात्र शोधून सापडत नाहीत. कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, उंच पायांचे, पंखात लाली असलेले. आमच्या बालपणी हे पाखरू कुणी पाहिलं नव्हतं. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की ते येतात, धरण तुडुंब असेल तर उशीर करतात. त्यांच्यावर आता कित्येक घरं चालतात. पोरं होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि इंग्रजी नावं फडाफडा सांगतात.

माझीही पाच एकर त्याच पाण्यावर आहे. पोरांची शिक्षणं उसावर झाली. तेव्हा धरण वाईट असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण धरण चांगलं असंही सरसकट म्हणवत नाही. पाणी मिळालं म्हणून त्या पाण्याखाली गेलेलं मोजायचंच नाही, हे मला पटत नाही. शिवाय मिळालं ते सगळ्यांना सारखं नाही. ज्याच्याकडं पाइपलाइनीचा पैसा होता त्याचं रान भिजलं. ज्याची सगळी जमीन गेली तो त्याच रानात ऊस तोडायला आला. आणि पाणी अति देऊन काही रानं चोपण झाली, पांढरी पडली, ते वेगळंच.

सगळ्यात मोठा फरक पलीकडच्या काठाचा. वाळू तुडवून आजी ज्या माहेरी जायची, तिथं जायला आता गाडीनं कित्येक मैलांचा वळसा पडतो. डिकसळजवळ इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा दगडी पूल आहे. धरणामुळं रेल्वे दुसरीकडून गेली आणि तो पूल माणसांच्या, बैलगाड्यांच्या, पुढं उसाच्या वाहनांच्या वाट्याला आला. किती वर्षं त्या जुन्या दगडांनी दोन तालुके जोडून धरले. बाकी ठिकाणी होडी. २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान लेकरंही होती. ज्या ठिकाणी आमच्या बाया पाटी घेऊन चालत गेल्या, तिथं माणसं बुडून मेली. त्यानंतर त्या भागात पूल मंजूर झाला. मागणी पिढीभराची जुनी.

तेच वर्ष आणखी एका गोष्टीनं लक्षात राहिलं. २०२३ ला पाऊस कमी झाला, धरण भरलंच नाही. जानेवारी २०२४ मध्ये उपयुक्त पाणी संपलं आणि पेपरात उणे टक्के सुरू झाले. शून्याच्या खाली पाणी कसं असतं हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. उन्हाळ्याच्या अखेरीला उणे साठाच्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मं संपलं. आमच्याकडं त्या दिवसांत पाण्याचा पाठलाग चालतो. पाणी शंभर फूट मागं गेलं की मोटर शंभर फूट पुढं, तेवढा पाइप आणि केबल विकत. पुन्हा हटलं की पुन्हा. मग सगळे मिळून जेसीबीनं चारी खोदायची. जो थकला त्याचा ऊस वाळला. मोकळ्या पडलेल्या गाळात कुणी ज्वारी-मका टाकतं, तिला गाळपेर म्हणतात. आणि त्याच साली ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के झालं. तेव्हाही फोनवर प्रश्न एकच, बंडगार्डनला किती.

ते बंडगार्डनचं पाणी काय असतं हे मात्र खडकीत राहिल्यावर कळलं. पावसाळ्यात ते डोंगराचं पाणी असतं. उन्हाळ्यात मुळेच्या पात्रात जलपर्णीची चटई, तिच्या खालून काळं पाणी, आणि पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात. माझी वहिनीही लावते. मी तिला म्हणतो, वहिनी, हे इथं राहत नाही, आमच्याकडं येतं. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी सगळं उताराला लागतं. आमच्या फुगवट्यात पाण्यावर हिरवी साय येते, पोहून आलं की अंग खाजतं. ज्या नदीचं पाणी वाटीनं भरून प्यायलो, तिच्या काठी आता घरोघर पाण्याचे जार येतात. २०२१ ला उजनीत येणाऱ्या याच सांडपाण्यातलं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचं ठरलं, तर सोलापूरकर रस्त्यावर आले आणि तो निर्णय मागं घ्यावा लागला. दोन जिल्हे पाण्यावरून भांडले. किती पाणी कुणाचं यावर सगळे बोलले. ते पाणी कसलं आहे, यावर कुणी भांडलं नाही.

पाणी उतरतं तेव्हा जुनी गावं वर येतात. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर कोरलेल्या खांबांसह उघडं पडतं, आणि लांबलांबून माणसं फोटो काढायला येतात. शिल्प सुंदर आहे, बघायलाच हवं. पण त्याच्या आसपास जी दगडांची रांग दिसते तिच्यावरून ती तुडवत जातात, आणि ती कुणाच्या तरी घराची जोती असते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही आठ-दहा जण आमच्या जुन्या गावठाणात गेलो. सोबत शंभरपानी वही आणि टेप होता. वेशीच्या दगडापासून सुरुवात केली. पावलं मोजत एकेक जोतं ओळखायचं, कुणाचं ते ठरवायचं, वाद घालायचा आणि लिहायचं. चावडी सापडली, आडाचा काठ सापडला, आमच्या घराचा उंबऱ्याचा दगड सापडला. तो मी जागचा हलवला नाही. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "उंबऱ्याच्या डाव्या अंगाला खोबणी हाय का बघ, आबा तिथं कुऱ्हाडीला धार लावायचे." खोबणी होती.

तीन दिवसांत एकशे बारा जोती लिहून झाली. एकोणीस अशी राहिली की कुणाची ते आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. ज्यांना आलं असतं ते आता नाहीत, किंवा कुठल्या नंबरात, कुठल्या शहरात आहेत ते माहीत नाही. वहीत त्या जागा रिकाम्या सोडल्यात. जून लागला, दौंडचा आकडा वाढला आणि गाव पुन्हा खाली गेलं. भीमेच्या दोन्ही काठांवर अशी किती तरी गावं आहेत. प्रत्येकानं एक वही करावी, एवढंच सांगायचं होतं. आमची वही खडकीत भावाच्या कपाटात आहे. रिकाम्या जागांतलं कुणाला काही आठवत असेल, तर त्यानं यावं.